ठकूमायनं मागितलेली गाठ

फार फार मागची गोष्ट. उंबरघोळला तेव्हा धड पायवाटसुद्धा नव्हती. तिथं ठकूमाय नावाची सुईण होती. पंचक्रोशीतली बाळंतपणं तीच करी. राखेनं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ती बाईला शिवत नसे. असं म्हणतात, की तिची पाठ कधी जमिनीला लागलीच नाही. एका घरची नाळ-वार पुरून होते न होते तोच दुसऱ्या घरचं बोलावणं येई.

एकदा भर दुपारी तानूबाईची सून चंद्री अडली. आधीच्या दोन्ही मुली. ठकूमाय पाय ओढत आली. अडलेल्या बाईच्या घरात कुलूप नको, गाठ नको, अशी तिकडची रीत. पेट्या उघडल्या, शिंकी सोडली, चंद्रीचे केस मोकळे केले. तरी मूल खाली सरकेना. पोरीचा जीव ओसरत चालला.

मग ठकूमायच्या ध्यानात आलं, चंद्रीचे डोळे सासूच्या पदराला खिळलेत. पदराला गाठ होती.

“ही कशाची गं?”

“नवसाची. नातू झाल्यावर देवीपुढंच सोडायची.”

“आत्ता सोड.”

“देवी कोपली तर तू निस्तरशील?”

“देवी काय गडीमाणूस आहे, मुलगी बघून कोपायला?” ठकूमाय भिंतीला टेकली. “तानू, लई दमले मी. हात माझे चालतात अजून. पण पोर भिऊन अंग आवळून बसलीय, त्यावर माझ्याकडं झाडपाला नाही. सून पाहिजे का गाठ, तूच सांग.”

तानूबाईनं सुनेच्या पांढऱ्या ओठांकडे पाहिलं. पदराची गाठ सोडली. “चंद्रे, येईल ते आपलं,” म्हणाली.

असं म्हणतात, त्या घटकेला गावातली गाठ न् गाठ आपसूक सुटली. बैलांची दावी गळाली, परटिणीची गाठोडी उलगडली. आणि चंद्री मोकळी झाली. मुलगीच झाली. मायलेकी दोघी वाचल्या.

नाळ कापून, लेकरू आईच्या कुशीत देऊन ठकूमाय तिथंच आडवी झाली, ती उठलीच नाही. असं म्हणतात, की हिरव्या लुगड्यातली कुणी अनोळखी बाई दिवस मावळेपर्यंत तिचे पाय चेपत बसली होती.

आता उंबरघोळला जीप येते. बाया तालुक्याला डॉक्टरणीकडे जातात, आणि जावंच. पण नातवाचा नवस त्या गावात आजही कुणी बोलत नाही. जीप निघण्याआधी सासू सुनेची ओटी भरते आणि एवढंच मागते, “ठकूमाय, आमची पोर घरी परत येऊ दे.”