इवलूची शेपटी गेली पायाखाली

एक होतं गवताळ रान. ते होतं एका टॅबमध्ये.

रानात पिवळं पिवळं गवत. गवतात एक हत्ती, एक जिराफ, एक बाभूळ. वर एक सूर्य. आणि खाली कोपऱ्यात एक उंदीर. त्याचं नाव इवलू.

हे सगळं काढत होती शाल्मलीताई. बालवाडीच्या मंदाबाईंनी तिला सांगितलं होतं, आमच्या भिंतीसाठी एक रान काढून दे. म्हणून ताई टॅबवर पेन चालवायची. सर्र सर्र, सर्र सर्र.

ताईनं इवलूला शेपटी काढली. लांब, गुलाबी, टोकाला गोल. इवलूनं ती हलवून पाहिली. वळवळ वळवळ. छान हलत होती.

तेवढ्यात, धप्प.

हत्तीआजोबांचा पाय शेपटीवर पडला. इवलूनं ओढलं. पुन्हा ओढलं. टुक्. इवलू सुटला, शेपटी तिथंच राहिली. दुखलं मुळीच नाही, चित्रातली शेपटी ती. पण इवलू झाला भुंडा.

आणि पाच वाजता चित्र छापायला जाणार होतं. एकदा छापलं की झालं. मग भिंतीवर कायमचा भुंडा.

इवलू निघाला. शेपटी नाही, म्हणून तोल जायचा. तुरुतुरु लुडुक, तुरुतुरु लुडुक.

गेला हत्तीकडे.

"हत्तीआजोबा, हत्तीआजोबा, पाय उचला.
पाय उचलला की माझी शेपटी मिळेल."

हत्तीआजोबांनी खाली पाहिलं. त्यांना वाटलं होतं, पायाखाली गवताची काडी आहे. ते म्हणाले, "उचलीन की. पण जिराफकाकूची मान माझ्या पाठीवर. आधी तिला मान उचलू दे."

तुरुतुरु लुडुक, तुरुतुरु लुडुक. इवलू गेला जिराफाकडे.

"जिराफकाकू, जिराफकाकू, मान उचला.
मान उचलली की हत्तीआजोबा पाय उचलतील.
पाय उचलला की माझी शेपटी मिळेल."

जिराफकाकू आधीच वैतागल्या होत्या. वाकून वाकून आपली शेळी झाली, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या म्हणाल्या, "उचलीन की. पण बाभळीची फांदी माझ्या डोक्यावर. आधी तिला फांदी उचलू दे."

तुरुतुरु लुडुक, तुरुतुरु लुडुक. इवलू गेला बाभळीकडे.

"बाभूळमावशी, बाभूळमावशी, फांदी उचल.
फांदी उचलली की जिराफकाकू मान उचलतील.
मान उचलली की हत्तीआजोबा पाय उचलतील.
पाय उचलला की माझी शेपटी मिळेल."

बाभूळमावशी म्हणाली, जवळ येऊ नकोस रे, काटा लागेल. मग म्हणाली, "उचलीन की. पण सूर्य माझ्या शेंड्यावर. आधी त्याला लहान होऊ दे."

इवलू चढला बाभळीवर. काटे चुकवत चुकवत. तुरुतुरु लुडुक, तुरुतुरु लुडुक. गेला सूर्याकडे.

"सूर्यदादा, सूर्यदादा, लहान हो.
सूर्य लहान झाला की बाभूळमावशी फांदी उचलेल.
फांदी उचलली की जिराफकाकू मान उचलतील.
मान उचलली की हत्तीआजोबा पाय उचलतील.
पाय उचलला की माझी शेपटी मिळेल."

सूर्यदादा कसनुसा हसला. सकाळी तो पुरीएवढा होता. मग झाला ताटाएवढा. आता घमेल्याएवढा. त्याचं त्यालाच उकडत होतं. तो म्हणाला, "होईन की. पण मला मोठं केलं ताईच्या पेनानं. आधी ते पेन चालू दे."

इवलू गेला काचेपाशी. काचेच्या पलीकडे ताई. भलं मोठं नाक, भले मोठे डोळे. इवलूनं काचेवर टकटक केलं.

"ताई, ताई, पेन चालव.
पेन चाललं की सूर्य लहान होईल.
सूर्य लहान झाला की बाभूळमावशी फांदी उचलेल.
फांदी उचलली की जिराफकाकू मान उचलतील.
मान उचलली की हत्तीआजोबा पाय उचलतील.
पाय उचलला की माझी शेपटी मिळेल."

ताईनं कपाळाला हात लावला. मंदाबाईंचा तीनदा फोन आला होता. सूर्य अजून मोठा कर, अजून मोठा कर, अजून थोडा. ती म्हणाली, "चालवीन रे. पण चित्र बाईंचं. आधी त्यांना हो म्हणू दे."

आणि ताईनं चित्र पाठवलं बाईंच्या फोनवर. सुंईं... टिंग.

चित्रात बसून इवलूही गेला. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"बाई, बाई, हो म्हणा.
हो म्हटलं की पेन चालेल.
पेन चाललं की सूर्य लहान होईल.
सूर्य लहान झाला की बाभूळमावशी फांदी उचलेल.
फांदी उचलली की जिराफकाकू मान उचलतील.
मान उचलली की हत्तीआजोबा पाय उचलतील.
पाय उचलला की माझी शेपटी मिळेल."

बाई म्हणाल्या, छे छे. सूर्य मोठाच हवा. मागं बसणाऱ्या मुलांना दिसायला नको का?

इवलूचा चेहरा एवढासा झाला. पाचाला दहा मिनिटं होती.

पण बाईंना एक सवय होती. समोर रांग दिसली की हजेरी घ्यायची. चित्रात रांग होती. बाईंनी वही उघडली.

"हत्ती?"
"हजर."
"जिराफ?"
"हजर."
"बाभूळ?"
"हजर."
"सूर्य?"
"हजर."
"उंदीर?"

इवलूनं मागं वळून पाहिलं. हजेरीला खोटं कसं बोलायचं?

"अर्धा हजर, बाई."

बाईंनी मान वर केली. "अर्धा म्हणजे?"

"नाकापासून पोटापर्यंत हजर. शेपटी गैरहजर."

बाईंनी वही पाहिली. वहीत हजर लिहायला जागा होती. गैरहजर लिहायला जागा होती. अर्ध्याला जागाच नव्हती. बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली. जरा विचार केला.

"अर्धा चालायचा नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात सगळे पूर्ण लागतात. मागच्या मुलांना मी पुढं बसवीन."

आणि त्यांनी ताईला फोन केला. म्हणाल्या, हो.

मग काय.

हो म्हटलं, तसं पेन चाललं. सर्र सर्र.
पेन चाललं, तसा सूर्य लहान झाला. सुस्स. थेट भाकरीएवढा.
सूर्य लहान झाला, तशी बाभूळमावशीनं फांदी उचलली. करकर.
फांदी उचलली, तशी जिराफकाकूंनी मान उचलली. सूंऽऽ.
मान उचलली, तसा हत्तीआजोबांनी पाय उचलला. हुप्प.
पाय उचलला, आणि इवलूला शेपटी मिळाली. टुक्.

मिळाली, पण चपटी. अगदी पापडासारखी.

ताईनं विचारलं, गोल करून देऊ का?

"नको ताई," इवलू म्हणाला. "आत्ताच आलीय. जरा दम खाऊ दे तिला."

त्यानं शेपटी हलवून पाहिली. फडफड, फडफड. छान वारा येत होता.

पाच वाजले. चित्र छापलं. भिंतीवर लागलं. आता तिथं हत्ती आहे, जिराफ आहे, बाभूळ आहे, सूर्य आहे. आणि खाली कोपऱ्यात, मुलांचा हात पोचतो तिथं, इवलू आहे.

इवलू झाला पूर्ण, गोष्ट झाली पूर्ण.