पानावर आडवा हात

"वस्ताद, वीस अँपिअरचा ब्रेकर काढून बत्तीसचा बसवू का?"

गौरीजेवणाची पहिली पंगत बसली होती. भालचंद्रचं पोळीकडे लक्ष नव्हतं. बहिणीच्या सासरच्या स्वयंपाकघराचं वायरिंग त्यानं केलं होतं. वस्तादांशिवाय केलेलं ते त्याचं पहिलंच काम. आज तिथला ब्रेकर सकाळपासून पडत होता. वायरला न झेपणारा भार आला की वीज तोडायची, हेच ब्रेकरचं काम. पण पाहुण्यांना ते कोण सांगणार?

"लोडचा हिशेब काढला होतास?" शेजारच्या पानावरून गफूर वस्तादांनी विचारलं.

"काढला होता. पण मिक्सर, ओव्हन, इंडक्शन, किटली... सगळं एकदम कोण लावतं?"

"सणाला सगळेच लावतात."

"असेल! पण इथं माझं नाक कापलं जातंय. बत्तीसचा तुमच्या पिशवीत आहे. देणार नसाल तर बाजारातून आणीन."

"आण की... आधी जेव."

वस्ताद उठले. वाढणाऱ्याच्या हातातलं ताट घेऊन त्यांनी भालचंद्रला पोळी वाढली. मग आणखी एक. पुढच्या पोळीला त्यानं पानावर हात आडवा धरला.

"हात काढ."

"पुरे, वस्ताद."

"हातच आडवा येतोय. तो बाजूला घे, म्हणजे बसेल पोळी."

"हात काढला म्हणून पोटात जागा होणार आहे का?" भालचंद्र चिडून म्हणाला.

वस्तादांनी पोळी त्याच्या हातावरच ठेवली आणि ते आपल्या पानावर जाऊन बसले...

तेवढ्यात ब्रेकर पुन्हा पडला.

"अरे, मोठा बसव म्हणून किती वेळा सांगायचं?" बहिणीचे सासरे आबा सगळ्यांदेखत ओरडले.

भालचंद्र पोळी हातात घेऊनच उठला. पंगतीजवळच्या बोर्डासमोर जाऊन उभा राहिला.

"नाही बसवणार, आबा. भिंतीतली वायर जळेल. माझा हिशेब चुकला. आज एकेक वस्तू चालवा. उद्या भिंत फोडून दुसरी लाईन ओढतो."

"मी दुसरा वायरमन बोलावतो!"

"बोलवा. मी इथून हलत नाही."

"तुझी बहीण नांदतीय या घरात. विसरू नकोस."

"तेच विसरलो होतो, आबा."

वस्तादांनी आपलं पान जरा पुढं सरकवलं.

"भालचंद्र, ती पोळी इकडं टाक. माझ्या पोटात जागा आहे."