ठोसा कुणी पाहिला?

फार मागची गोष्ट आहे. किती मागची म्हणाल, तर तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना पहिला दात यायचा होता तेव्हाची. याहून खोलात शिरू नका. शाळेत मी वर्गापेक्षा वर्गाबाहेर जास्त उभा राहिलोय, सनावळी आपल्याला जमत नाही.

तर एक राज्य होतं. त्या राज्यात नदी होती, डोंगर होते, आंबे होते, आंब्यांवर माश्या होत्या. फक्त विश्वास तेवढा नव्हता. गवळी दूध घालून गेला की घरधनीण दुधाकडं बघायच्या आधी गवळ्याच्या पाठीकडं बघायची. देवळात पुजाऱ्यानं तीर्थ पुढं केलं की लोक म्हणायचे, “आधी तुम्ही घ्या.” हसताय? हसा, हसा. आणि रात्री कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघता, ते कशासाठी?

या राज्यात राजाची पालखी उचलायची वेठ होती. वेठ म्हणजे फुकटची हमाली. एकेका गावाला वर्ष वर्ष जुंपलेलं असे. राजा जेवणाच्या बाबतीत फार मोठ्या मनाचा, त्यामुळं पालखीही तशीच जड.

एकाच गावाला ही वेठ माफ होती. ज्या गावचा मुष्टिमल्ल राज्यात पहिला, त्या गावाला. त्या मल्लाच्या मनगटात राजा चांदीचं कडं घालायचा. कडं असेतो माफी. कडं गेलं की दुसऱ्या सकाळी सूर्योदयाला त्याच्या गावानं पालखीखाली खांदा द्यायचा.

नऊ वर्षं ते कडं एकाच मल्लाकडं होतं. त्याला लोक पहाड म्हणत. दारातून आत यायचा तर आडवा होऊन यावा लागे. त्याचा ठोसा पाहिलेली माणसं पुष्कळ होती, खाऊन पुन्हा नीट चावून जेवलेली फार थोडी.

अशा पहाडला एके दिवशी आव्हान आलं. कुणाचं? एका पिंजाऱ्याचं! धनुकली घेऊन दारोदार कापूस पिंजणारा माणूस. पहाडच्या छातीपर्यंत जेमतेम पोचणारा. दाढीत कापूस, कानात कापूस, भुवईवर कापूस. लांबून बघितलं तर म्हातारं मेंढरू वाटावं.

पण त्या वर्षी पालखीला त्याचं गाव जुंपलेलं होतं. त्याच्या थोरल्या भावाचा खांदा पालखीखाली मोडून कायमचा तिरका झाला होता, आणि पुढच्या वर्षीही त्याच गावाला जुंपायचं असं दरबारानं ठरवलं होतं. पिंजारी भावाला म्हणाला, “दादा, तुझा दुसरा खांदा तेवढा शाबूत राहू दे. मी जाऊन बघतो.”

झालं! सगळ्या राज्याला एकच चाळा लागला. पिंजारी जिंकू शकेल का?

पाणवठ्यावर एक जण म्हणाला, “पहाडच जिंकणार.”

दुसऱ्यानं लगेच विचारलं, “पहाडच्या मामानं तुला जेवायला बोलावलं होतं काय रे?”

तिसरा म्हणाला, “मला वाटतं, पिंजारी बाजी मारेल.”

“वाटणारच. तुझ्या गादीत कापूस कुणी भरला, ते ठाऊक आहे आम्हाला!”

शेवटी राजानं दरबारात जोशीबुवांना उभं केलं. “सांगा बुवा, कोण जिंकेल?”

जोशीबुवांनी बोटं मोजली, डोळे मिटले, उघडले. “महाराज, ग्रह पहाडच्या बाजूनं आहेत.”

प्रधानजी शेजारीच बसले होते. संशयाचं खातं राज्यात वेगळं नव्हतं, ते प्रधानजींकडंच असे. ते म्हणाले, “ग्रह पहाडच्या बाजूनं, की बुवा पहाडच्या बाजूनं?”

बुवा गडबडले. “तसं... पिंजाऱ्याचाही योग आहे थोडा.”

“बघा महाराज, दोन्हीकडून खाल्लंय!”

बुवांनी तोंडच मिटलं.

“आता गप्प बसलेत,” प्रधानजी म्हणाले. “गप्प बसायचं वेगळं घेतलं असणार.”

राजा वैतागला. “मग प्रधानजी, तुम्हीच सांगा.”

“मी सांगितलं तर माझ्यावर संशय येईल, महाराज.”

“तो मी आत्ताच घेतलाय,” राजा म्हणाला.

मग राजानं बाजारातल्या फुटाणेवाल्या म्हातारीला बोलावलं. तिला लाच देऊन कुणाला काय मिळणार? म्हातारी आली, दरबारात फतकल मारून बसली.

“आजीबाई, पिंजारी जिंकू शकेल का?”

“पहाडचा ठोसा बघितलाय मी,” म्हातारी म्हणाली. “त्यानं रेडा बसतो. पण पिंजाऱ्याचा हातही बघितलाय. दिवसभर तो धनुकलीच्या तातीवर, त्या ताणलेल्या दोरीवर, ठोकळा मारतो. सकाळचा ठोका जिथं, संध्याकाळचाही तिथंच. एक ठोका वाकडा पडला तर तात तुटते, आणि त्याची तात तुटलेली मी तरी कधी ऐकली नाही. आता पहाड दमेपर्यंत तो उभा राहिला, तर त्याला एक ठोसा मारायला मिळेल. एकच. ते दोघं दहा वेळा लढले तर नऊ वेळा पहाड जिंकेल, एकदा पिंजारी.”

“मग ही झुंज त्या दहातली कितवी?”

“ते मला आज कसं कळावं रे राजा? उद्या डोळे उघडे ठेव, म्हणजे तुला आपोआप कळेल.”

एवढं शहाणपणाचं बोलून म्हातारी गेली. प्रधानजी राजाच्या कानाशी लागले. “ऐकलंत? डोळे उघडे ठेव म्हणाली! म्हणजे उद्या काहीतरी होणार आहे. म्हातारी सामील आहे.”

बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुसऱ्या दिवशी सगळं राज्य डोळे उघडे ठेवून मैदानावर जमलं. एवढे उघडे, की पापण्या लवल्या तर शेजाऱ्यानं विचारावं, “कुणाला खुणावलंस?”

झुंजीआधी दोघांच्या मुठींना सुती पट्ट्या गुंडाळल्या. प्रधानजींनी पिंजाऱ्याच्या पट्ट्या सोडायला लावल्या. पुन्हा बांधल्या, पुन्हा सोडवल्या. तिसऱ्यांदा त्यांनी पट्टी नाकाला लावून हुंगली.

पिंजारी म्हणाला, “कापूसच आहे, प्रधानजी. पिंजाऱ्याकडं दुसरं काय सापडणार?”

“तेच तर संशयाचं आहे,” प्रधानजी म्हणाले.

ढोल वाजला. पहाडनं पहिला ठोसा फेकला. पिंजारी वाकला, ठोसा डोक्यावरून गेला. दुसरा खांद्याला चाटून गेला, तिसरा छातीत बसला आणि पिंजारी मातीत बसला.

“बघा! ठरल्याप्रमाणं पडला!” लोक ओरडले.

पिंजारी उठला.

“बघा! ठरल्याप्रमाणं उठला!”

ऊन कलायला लागलं. पिंजाऱ्याची एक भुवई फुटली, कापूस लाल झाला. पुन्हा पडला, पुन्हा उठला. पहाडचा श्वास भात्यासारखा वाजू लागला, हात थोडे थोडे खाली येऊ लागले. मैदानाच्या कडेला पालखीजवळ पिंजाऱ्याचा तिरक्या खांद्याचा भाऊ उभा होता. पिंजारी पडला की तो डोळे झाकायचा, उठला तरी उघडायला भ्यायचा.

आणि बाकीचं राज्य? पहाडचा मामा प्रधानजींकडं बघत होता. प्रधानजी जोशीबुवांकडं बघत होते. राजा प्रधानजींकडं बघत होता. कुणी कान खाजवला की कुजबूज व्हायची, “खूण केली!” कुणी जांभई दिली की चौघं उठून त्याच्या मागं जाऊन बसायचे.

तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली. पिंजाऱ्याच्या दाढीतला कापसाचा एक तंतू उडाला, तरंगत तरंगत गेला आणि थेट जोशीबुवांच्या नाकात शिरला.

“आऽऽक् छी!”

“खूण! खूण!” प्रधानजी ओरडले. सगळ्या मैदानानं माना वळवल्या. राजानं वळवली, मामानं वळवली, ढोलवाल्यानं ढोलासकट वळवली. तिरक्या खांद्याच्या भावाचे डोळे तेव्हा झाकलेले होते.

आणि मागं आवाज आला: धप्प!

माना परत वळल्या. पहाड उताणा पडला होता. पिंजारी त्याच्याजवळ धापा टाकत उभा होता. ढोलवाल्यानं शंभर ठोके दिले, तरी पहाड हलला नाही.

मग जो गलका उठला! “लटकी झुंज! लटकी झुंज!”

प्रधानजी पुढं आले. “नियम आहे, महाराज. ठोसा पाहिलेला एक तरी साक्षीदार हवा.”

राजानं विचारलं, “कुणी पाहिला?”

जो तो शेजाऱ्याकडं बघू लागला. राजा स्वतःही खोकला आणि पालखीच्या गोंड्याकडं बघू लागला. फुटाणेवाली म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, “मी माप भरत होते रे बाबा. नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आलं.”

पिंजारी म्हणाला, “महाराज, मी मारला.”

“तू म्हणणारच,” प्रधानजी म्हणाले.

पालखीजवळची माणसं एकमेकांकडं बघू लागली. आता आणखी एक वर्ष. तिरक्या खांद्याचा भाऊ मटकन खाली बसला.

इतक्यात पहाड शुद्धीवर आला. कुणीतरी त्याच्या तोंडावर पाणी मारलं. राजा त्याच्याजवळ गेला आणि गोड आवाजात म्हणाला, “अरे पहाड, तुझा पाय घसरला ना? नुसतं हो म्हण. झुंज रद्द करू. कडं तुझ्याकडंच राहील.”

मागून पहाडचा मामा जोरजोरात मान हलवत होता. “हो म्हण रे! घसरलो म्हण!”

पहाडनं मामाकडं बघितलं. मग मनगटातल्या कड्याकडं बघितलं. जबडा चाचपला. मग म्हणाला, “घसरलो नाही, महाराज. तुमच्यापैकी कुणी ठोसा पाहिला नसेल. माझ्या जबड्यानं पाहिला.”

त्यानं पिंजाऱ्याकडं बोट केलं.

“तुम्ही सगळे शिंकेकडं बघत होता, मी ह्याच्याकडं बघत होतो. हात येताना मला दिसला. चुकवीन म्हटलं. दमलो होतो, नाही चुकवता आला. ह्यानं मला पाडलं. सरळ पाडलं.”

“अरे गाढवा!” मामा ओरडला. “गावाचं काय होईल?”

“गाव पालखी उचलेल, मामा. पहिला खांदा मी देईन. पण हरलेलं कडं घालून मला गावात फिरता येणार नाही.”

तुम्हाला वाटेल, आता तरी पटलं असेल. प्रधानजींना ओळखलं नाही तुम्ही अजून! ते टाळी वाजवून म्हणाले, “बघा महाराज, किती पाठ केल्यासारखं बोलतोय!”

पहाड हसला. हसताना एक दात बाहेर पडला, तो त्यानं नीट उपरण्याच्या टोकात बांधला. “प्रधानजी, शंका आहे ना? मग या असे पुढं. पिंजारीदादा तुम्हाला तोच ठोसा देतील, एकदाच. तुमचा जबडा काय म्हणतो तेही ऐकू.”

पिंजाऱ्यानं मूठ वळली आणि अदबीनं विचारलं, “बेतानं मारू, की मघासारखा?”

प्रधानजींना एकाएकी फार महत्त्वाचं सरकारी काम आठवलं. राजानं चौफेर बघितलं. “आणखी कुणाला शंका?” मघाशी ‘लटकी’ म्हणून ओरडणाऱ्यांपैकी कुणाला म्हैस सोडायची होती, कुणाच्या चुलीवर डाळ होती. शंका कुणालाच नव्हती.

पहाडनं स्वतःच्या हातानं कडं काढलं आणि पिंजाऱ्याला घातलं. ते त्याच्या मनगटात राहीना, तेव्हा वर सरकवून दंडात बसवलं. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. पिंजाऱ्याच्या गावच्या माणसांनी ढोल उचलला, पालखी होती तिथंच ठेवली आणि नाचत घरची वाट धरली. सगळ्यांत पुढं तिरक्या खांद्याचा भाऊ होता.

राजा पालखीत बसून राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. “अरे, आता मला राजवाड्यावर कोण नेणार?”

पहाड म्हणाला, “आमची पाळी उद्या सूर्योदयापासून, महाराज. नियम प्रधानजींनीच लिहिलाय. उद्या हजर राहतो.”

उरलं कोण? दरबार. राजानं प्रधानजींना पुढं लावलं, जोशीबुवांना मागं, आणि बाकीच्या मानकऱ्यांना मधे. पालखी उचलली. दहा पावलांवर प्रधानजींना वाटलं, जोशीबुवा नुसता खांदा टेकवून चालतायत. त्यांनी खात्री करायला आपला खांदा जरासा खाली घेतला. त्याच वेळी जोशीबुवांना प्रधानजींचा संशय आला, त्यांनीही खांदा खाली घेतला. मधल्या मानकऱ्यांना सगळ्यांचाच संशय आला.

ओढ्यापाशी पालखी आडवी झाली आणि राजा चिखलात गेला.

हे मात्र सगळ्यांनी अगदी नीट पाहिलं.

मुलांनो आणि मुलांच्या म्हाताऱ्यांनो, लक्षात ठेवा: जो दुसऱ्याची लबाडी पकडायला टपून बसतो, त्याच्या डोळ्यांसमोर खरं घडून जातं आणि तेवढंच त्याला दिसत नाही.