मुके केलेले यंत्र

एकदा एका वृद्ध झारेकऱ्याच्या अंगणात त्याचा शिष्य नवेकोरे यंत्र घेऊन आला. झारेकरी म्हणजे सराफांच्या दारातली धूळ झाडून नेणारा, ती पाण्यात धुऊन तिच्यातले सोन्याचे कण वेगळे करणारा माणूस. या वृद्धाने सारा जन्म त्यातच घालवला होता, आणि परिसरात कुणाचा दागिना हरवला की लोक त्यालाच बोलावत. शिष्याचे यंत्र मात्र धूळ न धुताच जमिनीतला धातू ओळखणारे होते, आणि तेही अगदी वरच्या दर्जाचे.

"कसं वाटलं यंत्र?" वृद्धाने विचारले.

शिष्य त्याचीच वाट पाहत होता. "वस्ताद, हलकं किती हाय बघा! घडी करून पाठीवर टाकता येतं. पडदा उन्हातसुद्धा स्वच्छ दिसतो. आणि खरी गंमत पुढंच हाय. खिळे, पत्रे, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं, असल्या कचऱ्याला हे बोलतच न्हाई. मी सगळ्यांची तोंडं बंद करून ठेवलीत. आता वाजलं तर कामाचंच वाजणार."

नवी वस्तू घेतलेल्या माणसाचा चेहरा तुम्ही पाहिला असेल. त्याला कुणी प्रश्न विचारलेला आवडतो, शंका काढलेली आवडत नाही. वृद्धाने यंत्र हातात तोलले. "मनगट दुखायचं न्हाई," एवढेच तो म्हणाला, आणि ते खरेच कौतुक होते.

तेवढ्यात एक कासारीण धापा टाकत आली. जत्रेत बांगड्या भरताना तिच्या नाकातली सोन्याची मोरणी गळून पडली होती. "मामा, माझ्या आईनं तिच्या हातानं घातलेली हाय ती. आई आता न्हाई. जत्रा ज्या रानात भरली, त्याचा मालक सांजच्याला ट्रॅक्टर घालणार हाय. एकदा नांगर फिरला की संपलं सगळं."

तिघे रानात गेले. कासारणीने आपले पाल उभे होते ती जागा दाखवली. खुंट्यांची भोके अजून तशीच होती. शिष्याने यंत्र सुरू केले आणि सावकाश, शिस्तीने सारी जागा दोनदा पालथी घातली. यंत्र एकदाच गोड आवाजात वाजले, तेव्हा एक नाणे निघाले. पुढे सगळे शांत.

"इथं न्हाईच," शिष्य म्हणाला. "असती तर या यंत्रानं सोडली नसती."

कासारणीने रिकाम्या नाकाला हात लावला. एवढ्या भारी यंत्राने नाही म्हटल्यावर तिने कुणाकडे पाहायचे?

वृद्ध पुढे झाला. त्याने काठीने जमिनीवर चार हातांचा चौकोन आखला, शिष्याला पाठ फिरवायला लावली, खाली बसून माती सारखी केली, आणि म्हणाला, "आता एवढी जागा बघ."

शिष्याने चौकोनावरून तीनदा यंत्र फिरवले. "इथंपण काही न्हाई, वस्ताद."

वृद्धाने दोन बोटे मातीत घातली, आपल्या कानातली सोन्याची बाळी बाहेर काढली, फुंकर मारली आणि पुन्हा कानात अडकवली. शिष्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने यंत्राकडे असे पाहिले, जणू त्यानेच दगा दिला होता.

"यंत्राला दोष देऊ नको," वृद्ध शांतपणे म्हणाला. "ते उत्तम हाय. तू सांगितलंस तेवढं त्यानं मुकाट्यानं केलं. इवलंसं सोनं आणि गोळीच्या पाकिटाचा चमकता कागद जमिनीतून एकाच आवाजात बोलतात. तू कागदाचं तोंड बंद केलंस, त्याच्याबरोबर सोन्याचंही झालं. अरे, मी जन्मभर जी धूळ धुतली, ती शहाण्यासुरत्या सराफांनी कचरा म्हणूनच बाहेर लोटलेली होती. मीही तिला कचराच म्हटलं असतं, तर पोरांना काय खायला घातलं असतं? कचरा कुठला ते हातात घेतल्यावर ठरवायचं. आधी न्हाई."

शिष्याने मान खाली घातली आणि बटणे दाबून सर्वांची तोंडे मोकळी केली. यंत्र जे बडबडू लागले, ते थांबेचना. पावलापावलाला वाकायचे, खुरपायचे, उचलायचे. औषधाचे पाकीट, बाटलीचे झाकण, पुन्हा पाकीट. कासारीण ओच्यात सारे गोळा करीत होती. उन्हे कलली, बांधावर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. चालकाला वृद्धाने हात जोडले. तो भला माणूस, विडी ओढत थांबला.

एका खुंटीच्या भोकाजवळ यंत्र पुन्हा वाजले, आधीच्या चाळीस वेळांसारखेच. "अजून एक पाकीट," म्हणत शिष्य वाकला. त्याने मातीचे ढेकूळ बोटांनी फोडले, आणि तसाच बसून राहिला. मग त्याने तळहात कासारणीपुढे धरला.

तिने मोरणी पदराला पुसली, तिथेच नाकात घातली आणि मग मोकळेपणी रडली. "आई आली माझी," ती म्हणाली. जाताना तिने शिष्याच्या बायकोसाठी हिरव्या बांगड्या दिल्या, आणि माप चुकले तर बदलून देईन असेही बजावले.

परतताना वृद्धाने सकाळचाच प्रश्न पुन्हा विचारला. "मग? कसं वाटलं यंत्र?"

शिष्याने मागे हात नेऊन यंत्र चाचपले. पाठीवरचे यंत्र खरोखरच हलके होते.

"चांगलं हाय, वस्ताद," तो म्हणाला. "फक्त माझं फार ऐकतं."

वृद्ध मनापासून हसला. आपलेही कान असेच आज्ञाधारक असतात. कुणाकुणाचे आवाज आपण त्यांना बंद करायला सांगितले आहेत, हे अधूनमधून तपासलेले बरे.