गोड पाला आणि अर्धी साक्ष

आपल्या पणजीची पणजी जन्माला यायच्याही आधी, एका डोंगराच्या पायथ्याशी उसाचे एक गाव होते. बाळांनो, नुसते ऊस म्हटले तरी तुमच्या तोंडाला पाणी सुटते, हे मला ठाऊक आहे. पण ही गोष्ट तशी गोड नाही. मोठ्यांनीही ती ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

त्या गावात एक वृद्ध पंच होते. गावातली भांडणे ते पारावर बसून मिटवत. बांध कोणी कोरला, गाय कोणाच्या शेतात शिरली, सुनेला कोण काय बोलले, सगळे त्यांच्यापुढे यायचे. त्यांच्यासमोर खोटे टिकत नसे. साक्षीदार बोलून थांबला की ते शांतपणे विचारत, "अजून काय सांगायचं राहिलं?" आणि खरे काय ते नेमके त्यानंतर बाहेर पडे.

निवाड्याची एक रीत होती. बोलणे सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी आपापल्या घरचा गुळाचा खडा पंचांच्या हातावर ठेवायचा. पंचांनी दोन्ही खडे खायचे आणि मगच ऐकायला बसायचे. एखाद्याचा खडा परत केला, तर त्याची बाजू ऐकण्याआधीच पडली असे समजत. आता भांडणांना काय तोटा? माणसे आहेत तिथे भांडणे असणारच. दिवसाला दहा-बारा खडे पंचांच्या पोटात जात, आणि खरे सांगायचे तर ते त्यांना आवडतही. हे मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही.

साठी उलटली आणि पंचांना सारखी तहान लागू लागली. तांब्याभर पाणी प्यायले तरी घसा कोरडाच. अंगावरचे मांस उतरले. परसात ते लघवीला जात तिथे मुंग्या जमू लागल्या. त्यांच्या पत्नीने ते पाहिले. नदीपलीकडच्या वैद्यांना तिने त्याच दिवशी बोलावून घेतले.

वैद्यांनी नाडी पाहिली, पाय पाहिले, डोळे पाहिले. मग ते म्हणाले, "पंच, तुमच्या रक्तात साखर वाढली आहे. गोड थांबवा. नाही तर आधी पाय जाईल, मग नजर जाईल. त्यानंतर माझ्या हातात काही राहणार नाही."

पंच घाबरले. कोण घाबरणार नाही? दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर दोघांचेही खडे परत केले. पण रीत ती रीत. दोघांनाही वाटले आपण हरलो. निवाडा न ऐकताच ते उठले आणि घरी जाऊन एकमेकांची डोकी फोडून बसले. असे दोनदा झाले, तेव्हा पंचांना पुन्हा गूळ तोंडात टाकावा लागला.

पत्नीला काही सुचेना. शेवटी डोंगरातून मध विकायला येणाऱ्या एका बाईने तिला एका झुडपाचा पाला आणून दिला. चिमूटभर पाला जिभेवर ठेवला तरी मुठीएवढ्या गुळाची गोडी. पत्नीने तो वाळवला, त्याची पूड डाळ्याच्या पिठात मळली आणि तिचे बारके खडे वळले. वैद्यांनी ते चाखले, पाला हुंगला, दोन आठवडे पंचांना देऊन पाहिला आणि मान डोलावली. पाल्यात साखर नाही, असे त्यांनी सांगितले. जाताना एवढेच बजावले, "हा पाला गुळाच्या जागी आहे. गुळाच्या सोबतीला नाही."

गावाने आनंदाने ते मान्य केले. घरोघरी परसात झुडपे लागली. दोन्ही बाजू आता पाल्याचे खडे आणत, पंच ते खात आणि निवाडा करत. त्यांची तहान कमी झाली, चेहऱ्यावर तेज आले. गोष्ट इथेच संपली असती तर मीही सुखाने झोपायला गेलो असतो.

पण दिवसभर जिभेवर गोडी घोळत राहिली की जीभ गप्प बसत नाही. तिची सवय मोडावी लागते, आणि इथे तर ती रोज जपली जात होती. पंच जेवायला बसले की भाकरीकडे बघत बसायचे. चाळीस वर्षे ज्या माणसाला जेवताना हसताना पाहिले, त्याचा तो उतरलेला चेहरा पत्नीला बघवेना. पोळ्याच्या दिवशी तिने एक पुरणपोळी त्यांच्या ताटात वाढली.

"दिवसभर पालाच तर खाल्लाय तुम्ही," ती म्हणाली. "एवढ्यानं काय होतंय?"

पंचांच्याही मनात नेमके हेच चालले होते. त्यांनी ती खाल्ली आणि दुसरी मागितली. मग पुढच्या अमावास्येला खीर झाली. मग कशाचेच निमित्त लागेना. डब्यात लाडू राहू लागले आणि पंच रोज दोन लाडू खाऊ लागले. पाला खाऊन आपण जे वाचवले त्यातलेच हे थोडे, असा त्यांनी मनाशी निवाडा करून टाकला.

मग त्यांच्या पायात काटा रुतला. त्यांना कळलेही नाही. पत्नीला जमिनीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा तिने पाय उचलून पाहिला. जखम काही भरेना. वैद्य आले आणि बुचकळ्यात पडले. गोड काही खाल्ले का, असे त्यांनी विचारले.

पंच म्हणाले, "वैद्यबुवा, तीन महिन्यांत पारावर मी गुळाचा एक खडाही खाल्लेला नाही. हवं तर गावाला विचारा."

यात एक अक्षर खोटे नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात पत्नी मान खाली घालून उभी होती. पारावर एखाद्या साक्षीदाराने असले उत्तर दिले असते, तर पंचांनी त्याला पळभरही सोडले नसते. पण वैद्य बिचारे न्यायाधीश नव्हते. हा माणूस खोटे बोलत नाही एवढेच त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी पुढे विचारलेच नाही.

आता दोष कोणाचा? वैद्यांनी तो पाल्यावर ठेवला. गावाने एका दिवसात सगळी झुडपे उपटून जाळली. वैद्य नवे काढे उकळत राहिले, नवी मुळे शोधायला डोंगर पालथा घालत राहिले. त्यात महिना गेला. लाडवांचा डबा मात्र रिकामा झाला नाही, कारण पाला गेल्यावर पंचांची हाव आणखीच वाढली होती आणि पत्नीला नाही म्हणवत नव्हते.

जखम काळी पडली. जीव वाचवायला वैद्यांना घोट्यापासून पाय कापावा लागला. त्या दिवशी पत्नीने डबा आणून वैद्यांसमोर ठेवला आणि सगळे सांगितले. वैद्यांनी डबा उघडून पाहिला. मग म्हणाले, "बाई, हे महिनाभर आधी कळलं असतं, तर कदाचित पाय राहिला असता."

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पंचांची नजरही गेली. खाटेवर पडल्या पडल्या त्यांना दिवस आणि रात्र सारखेच झाले. गावातली भांडणे आता कोणी मिटवत नव्हते. ती काठ्यांवर येत होती आणि त्यांचे आवाज पंचांच्या घरापर्यंत ऐकू येत होते.

घरातही एक वाद सुरू होता. पत्नी म्हणायची, ताटात मी वाढलं, दोष माझा. पंच म्हणायचे, "वैद्यांना मी अर्धंच सांगितलं. तुझा काही दोष नाही." ती ऐकायची नाही. ते पुन्हा सांगायचे, ती पुन्हा रडायची. हजारो भांडणे मिटवणाऱ्या माणसाला हे एक भांडण मिटवता आले नाही, आणि ते तसेच ठेवून तो एका सकाळी गेला. पत्नी पुढे बारा वर्षे जगली आणि ती बारा वर्षे तिने स्वतःलाच दोषी धरले.

तात्पर्य: गोडाला पर्याय मिळाला म्हणून हाव मरत नाही, आणि वैद्याला सांगितलेले अर्धे सत्य उरलेल्या अर्ध्याची किंमत शरीराकडून वसूल करते.