टायमिंग पट्ट्यानंतरची थरथर

“पट्टा परत का उघडायचा म्हणतोस?” दस्तगीर उस्तादांनी विचारलं.

“गाडी थरथरतीय, उस्ताद. आतनं घरघर येतीय. टायमिंग पट्टा बदलल्यापासनंच. म्हणजे दोष पट्ट्यातच असणार.”

“आणि उघडलास तेव्हा काय दिसलं?”

“सगळं जागच्या जागी… दरवेळी.”

सिद्राम उस्तादांच्या याच गॅरेजात शिकला आणि इथूनच उठून त्यानं जतला स्वतःचं गॅरेज काढलं. हात सफाईचा होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. टायमिंग पट्टा बसवावा तर आपणच, असं तो चारचौघांत सांगायचा. सांगताना उस्तादांचा अपवाद करायचंही त्याला सुचत नसे. आज मात्र स्वारी मान खाली घालून त्यांच्याच दारात उभी होती.

गाडी रोहिणीताई मगदूम यांची. त्यांच्या यजमानांना डायलिसिससाठी मिरजेला न्यावं लागायचं, आणि उद्या त्यांची पाळी होती. पट्टा जुना झाला म्हणून ताईंनी विश्वासानं गाडी सिद्रामकडे दिली आणि परत घेतली ती ही अशी. त्या रागावल्या नाहीत. रस्त्यात बंद पडली तर यांना घेऊन मी कुठं जाऊ, एवढंच त्यांनी विचारलं होतं. ते सिद्रामला शिवीपेक्षा जास्त लागलं. आताही त्या चिंचेखालच्या बाकावर बसून वाट बघत होत्या.

इंजिनाचे भाग एका लयीत फिरवणाऱ्या या पट्ट्याचा एक दाता चुकला तरी इंजिनाचा ताल बिघडतो, हे गॅरेजात पहिल्याच महिन्यात शिकवतात. सिद्रामनं तेच धरून ठेवलं होतं. पट्टा उघडायचा, खुणा जुळवायच्या, परत बसवायचा. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं.

“चढाला ओढते का?” उस्तादांनी विचारलं.

“ओढते की. पहिल्यासारखी. जोर कमी झालेला नाही.”

उस्तादांनी गाडी चालू करायला लावली. मग सिद्रामला बॉनेटपाशी बोलावून डोळे मिटून नुसतं ऐकायला सांगितलं. त्यानंतर आत बसवलं आणि स्टेअरिंग धरायला लावलं. थरथर त्याच्या कोपरापर्यंत चढली.

“बाहेरनं इंजिन कसं वाजतंय?”

“एका तालात.”

“आणि आत?”

“आत… बसवत नाही, उस्ताद.”

“मग पट्ट्याला का छळतोस बाबा?”

उस्तादांनी पट्ट्याच्या झाकणापाशी वाकून तो ताल ऐकला आणि मनापासून दाद दिली. इतकं सफाईचं काम आपल्यालाही जमलं नसतं, म्हणाले. सिद्रामची छाती फुगली. ती फुगलेली असतानाच पुढचं वाक्य आलं.

“जिथं तुझं काम सगळ्यात चांगलं झालंय, तिथंच सारखा बघत बसलायस.”

सिद्राम वरमला.

“पट्ट्यापर्यंत जायला आधी काय काढलंस?”

“झाकण. आणि… माउंटिंग.”

माउंटिंग म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी पाया. पट्ट्यापर्यंत हात पोचायचा तर खालून जॅक लावून इंजिन उचलून धरायचं आणि या बाजूचं माउंटिंग सोडायचं. सगळेच मिस्त्री हे करतात, पण त्याला काम म्हणून कुणी मोजत नाही. वाटेतला दगड बाजूला सारावा, तसं ते असतं. सिद्रामनंही ते काढलं, परत लावलं, आणि पान्याला पाइप घालून अंगाच्या जोरानं बोल्ट आवळले. आपण आवळलेला बोल्ट सुटत नाही, हाही त्याचा एक अभिमान होता.

“आवळलंस ते जॅक काढायच्या आधी, का नंतर?”

सिद्राम आठवू लागला…

“आधी.”

“ढिले कर.”

सिद्रामला वाटलं, उस्तादांचं वय झालं. गाडी आधीच थरथरते आहे, आणि हे बोल्ट ढिले करायला सांगताहेत.

“उस्ताद, आणखी हलंल की ते.”

“हलू दे. काढू नकोस, नुसते ढिले कर.”

त्यानं बोल्ट ढिले केले. जीवावर आलं होतं, पण केले. उस्तादांनी पुन्हा गाडी चालू करायला सांगितली. इंजिननं एक हिसका दिला, अंग हलवलं, आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढं खाली सरकून ते थांबलं. जॅकवर उचललेलं असतानाच त्याला जखडलं होतं, आणि त्या ओढाताणीत रबर पिळवटून इंजिनचा सगळा हादरा गाडीच्या अंगात उतरत होता. आता ते आपल्या वजनानं आपल्या जागी बसलं. उस्तादांनी त्याला तसंच थोडा वेळ चालू दिलं.

मग उस्तादांनी हातानंच खूण केली. सिद्रामनं गाडी बंद केली आणि पाना उचलला. दुसरा हात सवयीनं पाइपकडे गेला, तशी उस्तादांनी नकाराची मान हलवली. सिद्रामनं पाइप ठेवून दिला आणि बोल्टला जेवढं लागतं तेवढंच आवळलं.

गाडी चालू केली. स्टेअरिंग गप्प होतं. घरघर कुठं गेली ते कळलंसुद्धा नाही.

सिद्राम तसाच सीटवर बसून राहिला. त्याला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त आनंद होत होता. इतकी वर्षं या माणसाजवळ राहून आपण त्याचे पाने तेवढे बघितले, कान बघितलेच नाहीत, असं वाटून त्याचे डोळे भरून आले. असा उस्ताद आपल्याला मिळाला, याचंच त्याला नवल वाटलं.

रोहिणीताई बाकावरून उठून आल्या. सिद्राम गाडीतून उतरला, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या थेट उस्तादांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“उस्ताद, तुम्ही सांगा. उद्या यांना घेऊन जाऊ ना मी? रस्त्यात काही होणार नाही ना?”

सिद्रामनं मान खाली घातली. त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या जागी तो असता तर त्यानंही उस्तादांनाच विचारलं असतं.

उस्तादांनी आपले दोन्ही कोरडे तळवे ताईंपुढे धरले…

“ताई, मी पान्याला शिवलोसुद्धा नाही. ज्याच्या हाताला ग्रीस लागलंय, त्याला विचारा.”