तळ न पाहिलेलं गलबत

समुद्रकाठच्या एका जुन्या बंदरात समोरासमोर दोन पेढ्या होत्या. एक विसोबा शेटची, दुसरी शमसुद्दीनचाचांची.

विसोबा शेट दागिने गहाण घेऊन व्याजाने पैसे द्यायचे. गलबत परत येवो न येवो, व्याज चुकत नसे. पण काम झटपट. सकाळी गेलेला माणूस दुपारी माल भरायला मोकळा.

शमसुद्दीनचाचांच्या धर्मात व्याज वर्ज्य. ते सफरीत भागीदार होत. नफा झाला तर वाटून घ्यायचा; गलबत बुडालं तर त्यांचेही पैसे बुडाले. म्हणून पैसे देण्याआधी ते स्वतः गलबताच्या तळाशी उतरत, फळी न् फळी ठोकून बघत. त्यात आठवडा जाई.

पुढे बंदरातला व्यापार वाढला. जो आधी पोचेल त्याला भाव मिळू लागला. मग आठवडाभर थांबणार कोण? चाचांची पेढी ओस पडली.

"चाचा, तुमच्यापेक्षा विसोबा शेट बरे," लोक तोंडावर म्हणू लागले.

चाचांना ते फार लागलं. त्यांनी तळाशी उतरणं सोडलं. तेही आल्या दिवशीच पैसे देऊ लागले आणि पेढीवर पुन्हा गर्दी झाली.

एकदा हिराजी तांडेल आला. गलबत त्याचं स्वतःचं, त्यावरचे खलाशी म्हणजे त्याचेच दोन मुलगे.

"चाचा, एका फळीपाशी पाणी झिरपतंय. जरा येऊन बघता का?"

बाहेर माणसं खोळंबली होती. "अरे, तुझा जन्म समुद्रावर गेला. मी काय वेगळं बघणार?" असं म्हणत चाचांनी पैसे त्याच्या हातात ठेवले.

हिराजीला वाटलं, पैसे घालणारा घाबरत नाही, तर आपण कशाला घाबरायचं?

वादळ नव्हतं, वाराही बेताचा होता. तरी गलबत बुडालं. तिघांपैकी कुणीच परत आलं नाही.

हिराजीची बायको जनाबाई पेढीवर आली. चाचा खाली बघत म्हणाले, "जनाबाई, तुझ्याकडे माझं काही मागणं नाही. नुकसान माझंही झालंय."

"तुमचे पैसे बुडाले, चाचा. माझं घर बुडालं. तुम्ही तळ बघितल्याशिवाय पैसे देत नाही, या भरवशावर मी पोरांना जाऊ दिलं."

ती निघून गेली. तिच्या मागे उभा असलेला व्यापारी पुढे सरकला आणि म्हणाला, "चाचा, माझं तेवढं लवकर करा."

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याच्या वेगाशी बरोबरी करताना ज्याने काळजी घेण्याची आपली रीतच सोडली, त्याची भागीदारी नावापुरती उरते, आणि त्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.